अनवाणी पायांचे देणे

दिवसभर सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे राबून आलेल्या माणसांना संध्याकाळी मेक्सिकोतल्या नाचाच्या चाली आणि त्यांवरून रचलेले पियानोचे संगीत यांची हकीकत सांगावयास उभे राहणे हे धाडसाचे काम आहे, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. विषय जाहीर झाल्यापासून आमच्याच युनियनमधले दोघेतिघे विचारून गेले, ‘भाऊ, यंदा बोनसचं सोडून हे काय काढलं?’ त्यांना आम्ही इतकेच सांगितले की, शेवटपर्यंत बसा; गोष्ट बोनसचीच आहे.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर जास्त झाले. संगीतशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. पियानो तर सोडाच, पेटीवरही आमची बोटे धड चालत नाहीत. मात्र काम कुणी केले, दाम कुणाला मिळाला आणि नाव कुणाचे लागले, हा हिशेब तपासण्यात आमची तीसएक वर्षे गेली आहेत. तोच हिशेब हाती घेऊन आम्ही संगीताच्या इतिहासात शिरलो.

निमित्त घडले ते असे. काही वर्षांमागे लग्नसराईत वाजवणाऱ्या बँडवाल्यांची मजुरी ठरवण्याच्या खटपटीत आम्ही होतो. एका वरातीपुढे एक उसळती, परदेशी वळणाची चाल वाजत होती. वाजवणाऱ्या म्हाताऱ्या क्लॅरोनेटवाल्याला आम्ही विचारले, ‘ही चाल कुणाची?’ तो म्हणाला, ‘पिक्चरची.’ आम्ही म्हटले, ‘आणि पिक्चरमध्ये कुठून आली?’ त्यावर त्याने जे उत्तर दिले ते आम्ही विसरलो नाही. तो म्हणाला, ‘ते काय म्हाईत, भाऊ. चाल फिरत फिरत येती. पैसा तेवढा फिरून येत नाही.’

आजचे आमचे व्याख्यान म्हणजे या एका वाक्यावरचे भाष्य आहे.

प्रथम मेक्सिकोकडे वळू. त्या देशात एकोणिसाव्या शतकात शहरांतल्या सुखवस्तू घरांतून पियानो आला आणि त्याबरोबर युरोपातील वॉल्ट्झ, पोल्का हे नाचही आले. परंतु चाल एकदा देशाच्या मातीला लागली की ती परकी राहत नाही. फेलिपे व्हिलानुएवा हा अवघ्या तिशीत, १८९३ साली वारलेला रचनाकार. त्याने आपल्या देशातल्या नाचाच्या लयीवर पियानोसाठी छोट्या छोट्या रचना केल्या. पुढे मानुएल पोन्से याने १९१२ च्या सुमारास लोकांच्या तोंडी असलेली गाणी पियानोवर मांडली, आणि ज्या गाण्यांना दिवाणखान्यात प्रवेश नव्हता ती मैफलीत जाऊन बसली.

याच काळातला हुवेंतिनो रोसास हा एक तरुण. जन्म १८६८ चा, घराणे ओतोमी या मूळ रहिवासी जमातीचे, घरची परिस्थिती हलाखीची. त्याने एक वॉल्ट्झ रचला. ‘लाटांवरून’ असा त्याच्या नावाचा अर्थ. १८८८ साली तो पियानोसाठी छापून निघाला. जगभरच्या सर्कशींत झोक्यावरच्या कसरतींना आणि जत्रांतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांना ही चाल साथ देत आली आहे. तुम्हीही ती कुठे ना कुठे ऐकली असेल. रोसासने ती प्रकाशकाला अवघ्या पंचेचाळीस पेसोंना विकली असे सांगतात. चाल इतकी गाजली की ती व्हिएन्नाच्या स्ट्राउसचीच असणार, असे युरोपात लोक धरून चालले. वॉल्ट्झ म्हटला की तो गोऱ्या उस्तादाचाच असावयाचा! आणि रोसास? तो वादकांच्या ताफ्याबरोबर गावोगाव हिंडत १८९४ मध्ये क्यूबा बेटावर वारला. वय २६.

आता दुसरी गोष्ट. १९३२ साली आरन कोपलंड हा अमेरिकन रचनाकार आपला मित्र, मेक्सिकन संगीतकार कार्लोस चावेस याच्या निमंत्रणावरून मेक्सिको शहरात गेला. तेथे ‘सालोन मेहिको’ नावाचे एक मोठे नृत्यगृह होते. या नृत्यगृहाची माहिती त्याला एका प्रवासपुस्तकात मिळाली होती, आणि ती वाचून आमच्यासारख्याचे कान टवकारल्याखेरीज राहत नाहीत. तेथे तीन दालने होती: एक नीटनेटक्या पोशाखातल्या लोकांसाठी, दुसरे कामाच्या कपड्यांतल्या पण पायांत जोडा असलेल्यांसाठी, आणि तिसरे अनवाण्यांसाठी. आत एक पाटीही होती म्हणे: जळती थोटके जमिनीवर टाकू नयेत, बायकांचे पाय भाजतात. समाजशास्त्राचे जाडजूड ग्रंथ जे सांगू शकत नाहीत ते या एका पाटीने सांगितले आहे.

कोपलंडने छापील लोकगीतसंग्रहांतून काही मेक्सिकन चाली घेतल्या, त्या मोडल्या, जोडल्या, आणि १९३६ पर्यंत एक वाद्यवृंदरचना सिद्ध केली. तिला नाव दिले त्या नृत्यगृहाचेच. २७ ऑगस्ट १९३७ रोजी चावेसने ती प्रथम मेक्सिको शहरातच वाजवली. पुढे लेनर्ड बर्नस्टाइन या तेव्हा विशी ओलांडलेल्या तरुणाने तिची एकट्या पियानोसाठी मांडणी केली. ती १९४१ साली निघाली. या चालींची खुबी त्यांच्या लयीत आहे. सहा टाळ्या घ्या. त्या तीन आणि तीन अशा मोजता येतात, तशाच दोन, दोन आणि दोन अशाही मोजता येतात. मेक्सिकोतला नाचणारा एकदा असे पाऊल टाकतो, एकदा तसे, आणि दोहोंच्या ओढाताणीतून नाचाला धार येते. पियानोवादकाला ही कसरत कागदावर वाचून शिकावी लागते. तिसऱ्या दालनातल्या माणसाला ती पायांनी येत होती.

कोपलंड निदान प्रामाणिक होता. त्याने त्या जागेचे नाव आपल्या रचनेला दिले आणि ऋण उघडपणे सांगितले. हा शिष्टाचार सर्वांनी पाळला असता तर आमच्या व्याख्यानाला विषय उरला नसता.

परंतु यासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण काय? हीच तीन दालने आपल्या घरात आहेत. आधी गोव्याकडे पाहू. सालसेत भागातल्या कुडतरी, लोटली, मडगाव या गावांत एकोणिसाव्या शतकात ‘मांडो’ हा नृत्यगीतांचा प्रकार बहरला. जमीनदार ख्रिस्ती घरांच्या मोठ्या सालांत, म्हणजे दिवाणखान्यांत, पुरुषांची व स्त्रियांची रांग समोरासमोर उभी राहते. स्त्रियांच्या हातांत पंखे. पावले सरकती, लय संथ, तीनांच्या गणतीची, सूर विरहाचे. ढब पोर्तुगीज दिवाणखान्याची, भाषा मात्र कोकणी. साथीला व्हायोलिन आणि घुमट. व्हायोलिन युरोपचे आहे, आणि घुमट हे कुंभाराच्या चाकावरून उतरलेले मातीचे मडके आहे. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आता शेळीचे कातडे लावतात, आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला. मांडोच्या कर्त्यांची नावे इतिहासाने जपली आहेत. लिगोरियो कोश्ता, आर्नाल्दो द मेनेझिस, तोर्क्वातो द फिगरेदो ही नावे गोवेकर आदराने घेतात. ते मडके घडवणाऱ्या आणि थापणाऱ्या हातांची नावे कुणी घेत नाही.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून गरिबांच्या मुलांनाही सुरांचे वाचन आणि व्हायोलिन शिकवले जाई. ही विद्या घेऊन ती मुले पोटासाठी मुंबईस आली, गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडां’त पथारी टाकून राहिली आणि हॉटेलांत नाचाची धून वाजवू लागली. पुढे हीच माणसे चित्रपटाच्या वाद्यवृंदात गेली. आता आमच्या क्लॅरोनेटवाल्याला उत्तर देता येते. चितळकर रामचंद्र ऊर्फ सी. रामचंद्र हे पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेले मराठी संगीतकार. त्यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात दक्षिण अमेरिकेच्या आणि क्यूबाच्या नाचांची लय आणली, बोंगो वाजवला, आणि त्या कामी त्यांच्या जोडीला ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे गोव्याचे ट्रंपेटवादक अन्तोनियो झेवियर वाझ होते. ‘अलबेला’ने गावोगावच्या वरातींना नाचावयास लावले. जालन्यातही इंग्रजी अमदानीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, पितळी वाद्ये या गावाला नवी नव्हती. तेव्हा समुद्रापलीकडच्या कष्टकऱ्यांच्या नाचाची लय गोव्याच्या वादकाच्या ओठांतून आणि पुणतांब्याच्या माणसाच्या डोक्यातून आमच्या मोंढ्याच्या रस्त्यावर आली. चाल खरोखरच फिरत फिरत येते.

आता आपल्या व्याख्यानाच्या गाभ्याकडे, म्हणजे लावणीकडे वळू.

पेशवाईच्या उत्तरकाळात लावणी रचणारे शाहीर पाहा. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, राम जोशी सोलापूरचे ब्राह्मण. हे सारे ढोलकीच्या फडात एका मांडवाखाली आले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, आश्रय गेला, आणि लावणीचे दोन प्रवाह स्पष्ट दिसू लागले. एक फडाची, पायांत चाळ बांधून उभ्याने नाचत गावयाची. दुसरी बैठकीची, बसून अदा करीत गावयाची. दोहोंचा भार स्त्रियांनी वाहिला, आणि त्या स्त्रिया बहुधा अशा जातींतल्या होत्या की ज्यांचे गाणे चालत असे पण ज्यांच्या हातचे पाणी चालत नसे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पदांची संख्या दोनशेच्या घरात. इतक्या चाली एका माणसाने कोठून आणाव्यात? अण्णासाहेबांनी त्या जिथे होत्या तिथून घेतल्या: साकी, दिंडी, कीर्तन, कर्नाटकी पदे आणि लावणी. जुनी नाटकाची पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांना ठाऊक आहे की, प्रत्येक पदाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असे लिहून ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचा उल्लेख केलेला असतो. आम्हाला हा रिवाज फार मोलाचा वाटतो. ती एक पावती आहे. माल कोठून उचलला हे प्रामाणिकपणे नोंदवलेले आहे. फक्त पावतीवर गाण्याचे नाव आहे, गाणारीचे नाही.

पुढे १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ आले. त्याच्या चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. गोविंदराव हे हार्मोनियमचे बादशहा, म्हणजे सूरपट्ट्यांवर बोटे चालवणारे आमचे पियानोवादकच म्हणा. त्यांनी ठुमरी, होरी, दादरा हे कोठीवर गायल्या जाणाऱ्या गाण्यांचे ढंग नाटकात आणले. रंगपटाबाहेर सारंगी-तबल्याजवळ ऑर्गन येऊन बसला. लोक त्याला पायपेटी म्हणत. पायांनी भाता हलवावयाचा आणि हातांनी वाजवावयाचे. नाचणारणीच्या पायांतून निघालेली चाल वादकाच्या पायांखालच्या भात्यात शिरली, यात आम्हाला इतिहासाची थोडी थट्टाही दिसते.

या प्रवासात चालीचे काय होते, तेही सांगितले पाहिजे. पियानो काय, ऑर्गन काय, पेटी काय, यांच्या पट्ट्यांवर सूर ठरलेले असतात. दोन पट्ट्यांच्या मधली जागा मुकी. लावणी गाणारी बाई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, ती मींड पट्टीवर सापडत नाही. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले होते. ढोलकीची टिपेची थाप जाऊन तबल्याचा गोल ठेका आला की चाल सभ्य होते, पण तिचे अंग थोडे आखडते. उलटपक्षी, तिला विस्तारही मिळतो. बालगंधर्वांसारखा गळा लाभला की तीच चाल दहा अंगांनी फुलते. तेव्हा नुसते गेले तेवढे मोजू नये, आले तेही मोजावे.

आणि आता एक नाव. सुंदराबाई जाधव. जन्म १८८५, पुण्याच्या. बैठकीच्या लावणीत, ठुमरी-गझलेत त्यांचा हात धरणारे कमी. १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटककार प्रयोगाच्या थोडे आधी, त्याच वर्षी वारले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली, आणि त्यांच्या चाली आल्या सुंदराबाईंकडून. ज्या पदांनी तीन पिढ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढले, जी पदे पुढे मोठमोठ्या ख्यालगायकांनी मैफलीच्या अखेरीस फर्माइशीने गायली, त्यांच्या मुळाशी बैठकीची लावणी गाणारी एक बाई आहे. आमच्या सभेत आम्ही विचारतो, तेव्हा ‘एकच प्याला’ म्हटल्यावर गडकऱ्यांचे नाव सगळे घेतात, बालगंधर्वांचे अर्धे घेतात, सुंदराबाईंचे एखादा घेतो. त्या १९५५ साली वारल्या.

येथे आमच्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. एक विद्वान मित्र म्हणाले, ‘अहो, कलेत देवाणघेवाण व्हावयाचीच. चालीला कुंपण घालता की काय? शोपँने पोलंडच्या शेतकऱ्यांच्या नाचावरून मझुर्के रचले म्हणून त्याला चोर म्हणाल?’ मुळीच म्हणणार नाही. कुंपण घालणे आम्हाला मान्य नाही. कुंपणे मोडणाऱ्यांच्या पंथातले आम्ही आहोत. रोसासने स्वतः वॉल्ट्झ युरोपातूनच घेतला होता. होनाजीने भक्तीच्या परंपरेतून घेतले, गोव्याने पोर्तुगालकडून घेतले. घेतले नसते तर जग मुके राहिले असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, घेणे हा व्यवहार आहे, आणि व्यवहाराला दोन बाजू असतात. सुतापासून कापड होते म्हणून सूत कातणारीला विसरावे असे कोणत्याही अर्थशास्त्रात लिहिलेले नाही.

कायदा या दिशेने थोडा चालला आहे, हे मान्य केले पाहिजे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्क प्रथम ओळखले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांना मानधनातल्या वाट्याचा असा हक्क दिला की तो निर्मात्याला लिहून देऊन टाकता येत नाही. कामगार चळवळीच्या भाषेत सांगावयाचे तर, हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा घेण्याची सोय बंद केली. चांगले झाले. परंतु या कायद्याला कर्ता लागतो, नाव लागते. जी चाल दहा पिढ्यांच्या पायांनी घडवली तिचा कर्ता म्हणून कुणाचे नाव लिहावयाचे? तिथे कायदा थांबतो.

तो थांबतो तिथे काय होते, ते आम्ही पाहिले आहे. आयुष्यभर तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेल्या एका वृद्धाला कलावंतांचे मानधन मिळावे म्हणून आम्ही एका कचेरीत गेलो. त्याच्याकडे कलावंत असल्याचा पुरावा मागितला: वर्तमानपत्रातले कात्रण, कार्यक्रमाची पत्रिका, सन्मानपत्र. मागणारा कारकून वाईट नव्हता. नियमच तसा होता. पण फडाच्या जाहिरातीवर मालकाचे नाव असते, नाचणारणीचे असते, सोंगाड्याचेही असते. ढोलकीवाल्याचे नाव कधी कुणी छापले? चाळीस वर्षे वाजवले आणि कागदावर एक अक्षर नाही. आम्ही जुन्या तंबूंची छायाचित्रे जमवली; कोपऱ्यात कुठेतरी त्याची ढोलकी दिसे, तोंड दिसत नसे. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्या खेपेला निकाल लागण्यापूर्वीच म्हातारा गेला.

हा एकट्याचा दोष मानू नये. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतिपदके मिळाली. त्यांचे अखेरचे दिवस विवंचनेत गेले आणि २००२ साली त्या वारल्या, हे महाराष्ट्र जाणतो. वाईच्या यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, वयाच्या नव्वदीनंतर. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली ती ऐन यात्रांच्या हंगामात. दसऱ्यापासून उचल घेऊन राबणारे फड, ज्यांची खरी कमाई चैत्र-वैशाखात होते, ते जागच्या जागी बसले. सुपाऱ्या रद्द झाल्या. ऊसतोड मजुराची उचल आणि तमाशातल्या बाईची उचल यांत फरक नाही, हे त्या वर्षी आमच्या जिल्ह्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले.

म्हणून मंडळी, आमच्या मागण्या फार थोड्या आहेत. जिल्ह्यातल्या फडांत, बँडपथकांत, भजनी मंडळांत वाजवणाऱ्या प्रत्येकाची नोंद गावपातळीवर व्हावी, आणि ती नोंद हाच पुरावा धरला जावा. हे काम सरकार करीपर्यंत युनियनने आणि वाचनालयाने करावे. आम्ही वही घातली आहे, जालना आणि अंबड तालुक्यांपासून आरंभ केला आहे. दुसरे, कोणत्याही जाहिरातीवर ढोलकीवाल्याचे, क्लॅरोनेटवाल्याचे नाव छापल्याखेरीज आपल्या गावच्या जत्रेची सुपारी देऊ नये. याला कायदा लागत नाही, शाई लागते. किर्लोस्करांच्या काळी पदाच्या माथ्यावर ‘चाल’ लिहिण्याइतकी शाई होती. आपल्याकडे त्याखाली एक नाव लिहिण्याइतकी खचित आहे.

या मराठवाड्यात निजामी अमलात चार माणसे जमवून भाषण करावयाचे तर आधी परवानगी काढावी लागे; त्रेपन्न क्रमांकाची गश्ती आपल्या वाडवडिलांनी सोसली. १९४८ नंतर आपल्याला बोलण्याची मुभा मिळाली, आणि तिचाच उपयोग करून एक कामगार आज तुमच्यापुढे पियानोविषयी बोलला. तिन्ही दालनांच्या मधल्या भिंती अजून पडलेल्या नाहीत. पण तिसऱ्या दालनात कोण नाचत होते, कोण वाजवीत होते, एवढे तरी विचारण्यास आपण आता मोकळे आहोत.

परवा एका लग्नात तो क्लॅरोनेटवाला पुन्हा भेटला. त्याला आम्ही चालीची सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली, वाद्याची पट्टी पुसली आणि विचारले, ‘मग भाऊ, वहीत माझं नाव घातलं का?’ घातले आहे. पहिल्याच पानावर.